कटरने कापलेलं कागदी मखर: नेरूळमधल्या कामाच्या नोंदी

१३ जुलै २०२५, रविवार: आराखडा, खरेदी

सोसायटीच्या गणपतीसाठी यंदा पूर्ण कागदाचं मखर. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि बाजारात मिळणारी फोमची तयार मखरं दुसऱ्या वर्षी उभी राहत नाहीत. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. मूर्ती शाडूची, साधारण फूटभर उंच.

मागे चार थरांचं खाडीचं दृश्य: पुढे तिवरांची कमान, मग रोहित पक्षी (फ्लेमिंगो), मग पारसिकचा डोंगर, शेवटी ट्रेसिंग पेपर आणि त्यामागून एलईडीचा उजेड. प्रत्येक थर २८ × २२ इंच आडवा, दोन थरांत इंचभर अंतर. रोहित खरे येतात हिवाळ्यात, गणपतीत खाडीवर ते नसतात. पण ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ते २०२२ मध्ये गेलं, आणि नवी मुंबईत चौकाचौकांत आता हाच पक्षी दिसतो. मखरात तो हवाच, असं सगळ्यांचं मत पडलं.

मागून उजेड असणार हे आधीच लक्षात ठेवायचं. साध्या भेटकार्डात खपून जाणारी फाटकी कड किंवा कोपऱ्यावर पुढे गेलेला काप इथे पांढऱ्या रेघेसारखा चमकतो.

खरेदी ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजूला आणि थोडी वाशीला. ३०० जीएसएमची (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) रंगीत कार्डशीट, २२ × २८ इंच, दहा नग ३५० रुपये. ए-२ कटिंग मॅट ७५०. पेनासारखा कटर पाच पात्यांसह १८०, आणि त्याच्या अकरा नंबरच्या टोकदार पात्यांची दहाची तीन पाकिटं ३६०. पुठ्ठ्यासाठी १८ मिमी रुंद पात्याचा कटर १२०. स्टीलच्या पट्ट्या, एक फुटी आणि दोन फुटी, मिळून १७०. बाइंडिंगवाल्याकडून २ मिमी जाडीचा कप्पा (बाइंडिंगचा कडक पुठ्ठा), चार शीट २४०. एलईडी पट्टी आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर ५५०. ट्रेसिंग पेपर ६०. टेप आणि गम स्टिक धरून अडीचशे.

कार्डशीट घेताना दुकानातच एका टाकाऊ तुकड्याचा कोपरा फाडून बघा. आतपर्यंत रंग असलेला कागद आणि वर रंग देऊन आत पांढरा राहिलेला कागद, दोन्ही एकाच भावात मिळतात. दुसऱ्या प्रकारात कापलेली कड पांढरी दिसते. आमच्या दहांपैकी काळपट हिरव्या शीट पांढऱ्या पोटाच्या निघाल्या, बाकी रंग आतपर्यंत होते. त्यावरचा उपाय १० ऑगस्टच्या नोंदीत आहे.

१९ जुलै: प्रिंट आणि माप

आराखडे ए-१ कागदावर, नकाशांच्या प्रिंट काढणाऱ्या दुकानातून, चारही थरांचे १६० रुपये. घरी जुळवून पाहिलं तर डोंगराचा थर इतरांपेक्षा लहान. तीन शीट शंभर टक्के मापाच्या आणि एक “कागदात बसवा” या पर्यायाने छापली गेली होती. १०० मिमीची खूण ९७ मिमी भरली. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, २८ इंचांवर ते दोन सेंटिमीटरहून जास्त होतात आणि थर एकमेकांवर बसतच नाहीत. प्रत्येक प्रिंटवर १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ टाकून ठेवा आणि पैसे देण्याआधी दुकानातच पट्टीने मोजा. आम्ही खात्रीसाठी चारही शीट पुन्हा काढल्या, आणखी १६० गेले.

आराखडा उलटा छापून घेतला आहे, आरशात दिसतो तसा. तो कार्डशीटच्या मागच्या बाजूला चिकटवायचा आणि मागूनच कापायचं. पुढच्या बाजूला पेन्सिल, डिंक, बोटांचे डाग काही येत नाही.

चिकटवायला आधी मास्किंग टेप वापरला. तो काढताना कागदाचा वरचा पापुद्रा सोलला गेला. टेप आधी कपड्यावर दोन-तीनदा चिकटवून काढला तर त्याची पकड कमी होते, ही युक्ती चालते, पण जाळीच्या मधोमध आराखडा उचललेलाच राहतो आणि पात्याबरोबर सरकतो. शेवटी जे जमलं ते असं: जे भाग कापून पडणार आहेत फक्त त्यांच्यावर गम स्टिकचे ठिपके द्यायचे. तुकडा कापून पडला की आराखड्याचा कागद त्याच्याबरोबरच जातो. राहणाऱ्या भागाला डिंक लागतच नाही.

२० जुलै: बैठक, आणि डोंगराचा थर

ए-२ मॅट ४२० × ५९४ मिमी, शीट त्याहून मोठी. बाहेर लोंबणारा भाग मॅटच्या कडेवर वाकतो, पातं तिथे उडी मारतं आणि नाजूक भागाला घडी पडते. दोन मॅट शेजारी ठेवल्या तर पातं सांध्यात उतरतं. मॅट ३ मिमी जाडीची आहे, म्हणून तिच्या चारही बाजूंना कप्प्याचा २ मिमी आणि साध्या पुठ्ठ्याचा १ मिमी असा तेवढ्याच उंचीचा ओटा केला. कापायचं मॅटवरच, पण शीट सगळीकडे टेकलेली राहते. मॅटखाली कपाटात घालायची रबरी जाळी, नाहीतर सनमायकावर ती सरकते. काचेवर कापू नका, पात्याचं टोक पहिल्या काही कापांत जातं. लाकडी पाटावर पातं लाकडाच्या रेषेत खेचलं जातं.

दिवा डावीकडे हवा (उजव्या हाताने कापणाऱ्यांसाठी), म्हणजे हाताची सावली रेघेवर येत नाही. पंखा बंद किंवा अगदी मंद.

डोंगर सोपा म्हणून आधी घेतला. लांब सरळ कड आणि वरची वळणदार रेघ, एवढंच. सरळ कडेसाठी पट्टी राहणाऱ्या भागावर ठेवायची. पातं घसरलं तर ते टाकाऊ भागात जातं, चित्रात नाही. पट्टी दाबणारी बोटं कडेपासून निदान दीड सेंटिमीटर आत. लांब कापात एक हात एका जागी दाबून धरला की पट्टीचं दुसरं टोक फिरतं. म्हणून मध्ये थांबायचं, पातं कापात तसंच टेकवून ठेवायचं, पट्टीवरचा हात खाली सरकवायचा, मग पुढे. पट्टीच्या पाठीवर मास्किंग टेपची एक पट्टी लावली की ती कार्डशीटवर घसरत नाही. प्लॅस्टिकची पट्टी घेऊ नका. पातं तिच्यात शिरतं, खाच पडते, आणि पुढच्या वेळी त्या खाचेवरून पातं थेट बोटाकडे चढतं.

३०० जीएसएम कागद एका दमात कापायचा नाही. पहिला काप फक्त वाट पाडायला, जवळजवळ कटरच्या वजनावर. दुसऱ्याला थोडा जोर. तिसऱ्यात सुटतो. एकदम जोर लावला की खालच्या बाजूला कागद चुरगळून कड फुगते, शिवाय तेवढा जोर ऐन वेळी आवरता येत नाही. बोट कापण्याचे बहुतेक प्रसंग असेच घडतात: पातं बोथट, म्हणून जोर जास्त, म्हणून अचानक सुटका. स्वच्छ काप आणि शाबूत बोटं यांच्यासाठी वेगवेगळे नियम नाहीत, धारदार पातं आणि हलका हात दोन्हींना पुरतो. या कामात जिथे जिथे कड फाटली तिथे हातही कुठेतरी चुकीच्या जागी होता, हे पुढे पुन्हा पुन्हा दिसलं.

डोंगराच्या वळणांसाठी कटर पेनासारखा, थोडा उभा. सरळ कापाला तो आडवा, कागदाशी तीसएक अंशांवर, म्हणजे पात्याची लांबी कापते, टोक नाही. वळणावर हात फिरवायचा नाही, कागद फिरवायचा. हात आपल्याकडे सरळ ओढत राहतो आणि डावा हात शीट पात्याखाली वळवतो. २८ इंचांची शीट टेबलावर फिरवताना भिंतीला अडते, म्हणून टेबल मधोमध ओढून घ्या आणि गरज पडली तर शीटऐवजी माणसाने टेबलाभोवती फिरावं.

डोंगर दीड तासात झाला.

२७ जुलै: रोहितांचे पाय

या थराने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. सात पक्षी, प्रत्येकाचे पाय सुमारे ९ सेंटिमीटर लांब आणि २ मिमी रुंद. पहिल्या दोन पक्ष्यांचे पाय कापताना कड दातेरी झाली आणि तिसऱ्याचा एक पाय मध्येच तुटला. नवीन पातं लावलं, तरी तेच. तुटलेली जागा बारीक पाहिली तेव्हा कारण दिसलं: कागदाचे तंतू आडवे जात होते. पाय उभा, तंतू आडवे, म्हणजे दोन मिलिमीटर रुंदीत तंतूंचे आखूड तुकडे एकमेकांना कसेबसे धरून होते.

कागद कारखान्यात बनताना तंतू बहुतेक एका दिशेला झोपतात. त्या दिशेने काप गुळगुळीत जातो आणि तिच्या आडवा गेला की पातं अडखळतं. मोठ्या आकारात हे जाणवत नाही, बारीक कामात सगळं त्यावरच अवलंबून आहे. ओळखायची सोपी रीत: शीटच्या टाकाऊ कडेतून एकाच मापाच्या दोन पट्ट्या कापायच्या, १५ सेंटिमीटर लांब, दीड रुंद, एक उभ्या दिशेने आणि एक आडव्या. दोन्ही एकत्र टोकाला धरायच्या. जी ताठ राहते तिच्या लांबीच्या दिशेने तंतू आहेत, जी वाकते तिच्यात ते आडवे. आमच्या सगळ्या शीटमध्ये तंतू २८ इंचांच्या दिशेने निघाले, आणि थर तर आडवा लावायचा होता.

मोठी शीट शोधत हिंडण्यापेक्षा जोड द्यायचं ठरवलं. शीट उभी धरायची, २२ रुंद आणि २८ उंच, आणि उंची कापून २२ करायची. रुंदीत उरलेले ६ इंच दुसऱ्या उभ्या शीटमधून, तंतू तसेच उभे ठेवून. जोड उजवीकडे, पुढच्या थरातल्या तिवराच्या जाड खोडामागे येतो, समोरून दिसणार नाही. जोडाला मागून ३ सेंटिमीटरची त्याच कागदाची पट्टी, डबल टेपने. त्यासाठी जादा दोन शीट, ७० रुपये. दुसऱ्या शीटचा उरलेला भाग हात बसवायला उपयोगी पडतो.

पायांची रुंदीही २ वरून २.५ मिमी केली आणि मधल्या सांध्यापाशी ४. पक्ष्याचा तो सांधा तसाही फुगीर असतो, चित्र बिघडत नाही.

२ ऑगस्ट: रोहित, पुन्हा

यावेळी क्रम बदलला आणि तो फार कामाला आला. आधी दोन पायांमधली फट कापायची, आजूबाजूचा कागद अजून अखंड असताना. मग पायाची बाहेरची कड, पट्टी पायावरच ठेवून, म्हणजे तो बारीक पाय पट्टीखाली दबलेला राहतो, वळत नाही. पाय शेवटी पाण्याच्या पट्टीला जिथे टेकतो ती जागा सगळ्यात शेवटी. पूर्ण थरात हाच नियम: आतले लहान भाग आधी, मोठे नंतर, बाहेरची कड अखेर. मोठी खिडकी आधी पाडली की शीट लुळी पडते आणि तिच्या शेजारचं बारीक काम हातात उरत नाही.

मानेची वळणं कागद फिरवून. चोच कापताना पात्याचं टोक तुटलं, कारण टोक कागदात रुतलेलं असताना कटर पिळला गेला. टोक उडून कुठे गेलं ते शोधेपर्यंत काम थांबवलं. ते मॅटमध्येच रुतलं होतं. तसंच राहिलं असतं तर पुढचं पातं त्यावर आपटलं असतं. चष्मा नसणाऱ्यांनी अशा कामाला साधा गॉगल लावावा.

डोळे पात्याने कापू नका. २ मिमीचं गोल भोक पात्याने कधी गोल होत नाही. पट्ट्याला भोकं पाडायचा, चकरी फिरणारा पंच असतो, त्याने झाले. पंच जिथे पोचत नाही तिथे चांभाराकडची हातोडीने ठोकायची नळी, खाली लाकडाचा जाड तुकडा.

न सुटलेला तुकडा ओढून काढायचा मोह होतो. ओढला की कोपऱ्यावर तंतूंची शेपटी राहते आणि कधी कधी राहणाऱ्या भागाचा पापुद्रा निघतो. परत पातं कोपऱ्यात टेकवायचं, अर्धा सेंटिमीटर काप द्यायचा, मागून सुईने तुकडा ढकलायचा.

सर्जिकल ब्लेडही वापरून पाहिली: मेडिकलमधली अकरा नंबरची, तीन नंबरच्या दांड्याला बसणारी. धार अप्रतिम, पण पातं पातळ, जाड कार्डात ते डुलतं आणि रेघ तिरकी जाते. ट्रेसिंग पेपरला मात्र याहून चांगलं काही नाही. हे पातं दांड्यावर चढवताना आणि उतरवताना पकडीने धरा, बोटांनी कधीच नाही. कापण्यापेक्षा पातं बदलतानाच हात जास्त कापले जातात.

३ ऑगस्ट: हत्यारांची शिस्त

तीन-चार जण एका टेबलाभोवती बसले की कटर गडगडत खाली जाणारच. आज एक गेला, टोक खाली करून, अनवाणी पायांच्या मध्ये. आपण घरात चप्पल घालत नाही, त्यामुळे हा धोका आपल्याकडे जास्त आहे. आता नियम: टेबलापाशी बंद चप्पल किंवा बूट. गोल दांड्याच्या प्रत्येक कटरला मागच्या टोकाला मास्किंग टेपचा झेंडा, म्हणजे तो गडगडत नाही. पडला तर हात घालून पकडायचा नाही, पाय मागे घ्यायचे. हातातला कटर ठेवताना टोपण लावूनच, हातातून हातात द्यायचा नाही, टेबलावर ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा.

कामाच्या शेवटी कटर मोजून डब्यात. मुलं याच खोलीत खेळतात. मुलांना पातं नाही. पंच, बोथट कात्री आणि टेकू घडवायचं काम त्यांचं.

जाळीच्या हातमोज्यांबद्दल: डाव्या हातात घालायला चांगले, घसरलेल्या धारेला अडवतात, पण टोचणाऱ्या टोकाला नाही. त्यांच्या भरवशावर डावा हात पात्याच्या वाटेत ठेवू नका. डावा हात नेहमी पात्याच्या मागे किंवा बाजूला, पुढे कधीच नाही.

प्रथमोपचाराच्या पेटीत जाळीची पट्टी, टेप, पाण्याची बाटली. कापलं तर आधी वाहत्या पाण्याखाली धुवायचं, मग स्वच्छ कापड सतत दहा मिनिटं दाबून हात वर धरायचा, मध्ये उघडून बघायचं नाही. बोट वाकत नसेल किंवा टोकाला बधिरपणा असेल तर सरळ दवाखाना.

१० ऑगस्ट: तिवरांची कमान

सगळ्यात दाट जाळी. फांद्या सगळ्या दिशांना, खाली चिखलातून वर आलेली श्वसनमुळं. ही मुळं उभी आणि बारीक, म्हणून ती मूळ शीटमधून न कापता वेगळ्या पट्टीत, तंतू उभे ठेवून कापली आणि खाली मागून जोडली. रोहितांच्या थराने शिकवलेलं इथे फुकट मिळालं.

पानांमधल्या तिकोनी खिडक्यांत कोपऱ्याची खरी परीक्षा असते. प्रत्येक काप कोपऱ्यातून सुरू करायचा आणि दुसऱ्या कोपऱ्याच्या अलीकडे थांबायचा. मग शीट फिरवून त्या दुसऱ्या कोपऱ्यातून उलट येऊन मध्ये भेटायचं. टोक कोपऱ्यात आधी अलगद उभं टेकवायचं आणि मग कटर आडवा करून ओढायचा. असं केलं की काप कोपऱ्याच्या पुढे जात नाही. एकाच दमात कोपऱ्याकडे जाणारा काप नेहमी केसभर पुढे जातो.

पांढऱ्या पोटाच्या हिरव्या कागदाला कटर बाजूला किंचित कलता धरला. मागून कापत असल्यामुळे तो राहणाऱ्या भागाच्या बाहेरच्या अंगाला नव्हे, त्याच्यावर झुकलेला असावा. मग पातं खाली जाताना राहणाऱ्या भागापासून दूर जातं, कडेचा उतार मागच्या बाजूला पडतो आणि समोरून पांढरं दिसत नाही. उलटा कल धरला तर पांढरी कड पुढे येते, एका फांदीवर तसं झालं आहे. तिथे नंतर हिरव्या पेन्सिलीने कड रंगवली.

पाती: ए-४ एवढ्या दाट जाळीला एक पातं, असा हिशोब बसतो. पण मोजण्यापेक्षा ऐका. नवं पातं जवळजवळ मुकं चालतं. खरखर यायला लागली, कडेला लव दिसली किंवा तीन कापांत सुटणारा कागद चार मागायला लागला की बदला. शंका असेल तर साध्या ८० जीएसएम झेरॉक्स कागदावर एक काप देऊन बघा. चांगलं पातं फक्त वजनावर एका फटक्यात कापतं. पात्याची किंमत १२ रुपये, वाया गेलेल्या शीटची ३५ आणि वर एक दुपार.

सलग तासाभराने बोटं आखडतात आणि न कळत पकड घट्ट होते. त्यानंतरचे काप पाहिले तर तेच सगळ्यात वाईट आहेत. चाळीस मिनिटांनी उठा.

१५ ऑगस्ट: कप्प्याची चौकट

सुट्टीचा दिवस, चौकटीला दिला. २ मिमी कप्पा पेन-कटरने कापायचा नाही. १८ मिमीचा कटर, पातं एक किंवा दोन खाचांइतकंच बाहेर आणि कुलूप घट्ट. जास्त बाहेर काढलेलं पातं वाकतं आणि खाचेवर तुटतं. तुटणारी ही पाती १९५६ मध्ये जपानच्या योशिओ ओकादांनी शोधली. ती तुटावीत म्हणूनच बनवली आहेत, म्हणून जोर लावताना हे विसरू नका.

उभं राहून कापायचं, पट्टी दोन्ही टोकांना सी-क्लॅम्पने बांधून. पहिला काप बिनजोराचा, नुसती ओळ. मग आठ-दहा काप, प्रत्येक वेळी सारखाच जोर. कडेपाशी पोचताना हात मंद करायचा, कारण कप्पा संपतो तिथे कटर निसटून बाहेर येतो. शेवटचा इंच उलट बाजूने येऊन कापला तर हा प्रश्नच राहत नाही. बोथट खाच तोडायची ती पकडीने, वर कापड धरून, आणि तुकडा थेट डब्यात.

१९ ऑगस्ट: पाऊस

कालपासून मुसळधार, शाळा बंद. कपाटातून काढलेला तिवरांचा थर लाटेसारखा झाला आहे आणि रोहितांचा थर रुंदीत दीड मिलिमीटर वाढला. चौकटीची भोकं जुळत नाहीत. कागद दमट हवेत तंतूंच्या आडव्या दिशेला फुगतो, लांबीच्या दिशेला जवळजवळ नाही. या थरात तंतू उभे, म्हणून तो रुंदीत वाढला.

असा दमट कागद कापायचाही नाही. तंतू मऊ पडतात, कापण्याऐवजी ओढले जातात, नवं पातंही लव काढतं. सगळ्या शीट एसीच्या खोलीत, कप्प्याच्या दोन शीटमध्ये दाबून, वर पुस्तकांचं वजन. रात्रभरात सपाट झाल्या. पुढे न वापरलेल्या शीट मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह.

पात्यांवरही तांबूस ठिपके. शिवणमशीनचं तेल पुसटसं लावून ठेवतो; कापण्याआधी ते पुसून एक काप टाकाऊ कागदावर द्यायचा, नाहीतर कार्डावर तेलाची रेघ येते. घामट हाताखाली सतत एक कोरा कागद, गडद रंगावर बोटांचे ठसे जात नाहीत.

चौकटीत थर आता घट्ट बसवायचे नाहीत. चौकटीच्या भोकांना आडवी ३ मिमी मोकळीक दिली.

२४ ऑगस्ट: जुळणी

थरांमध्ये खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या, चार चार चिकटवून इंचभर केलेल्या. चिकटवायला डबल टेप. पांढऱ्या फेविकॉलमधलं पाणी कार्ड शोषतं आणि तिथे फुगवटा येतो. फेविकॉल फक्त तुटलेल्या पायाच्या दुरुस्तीला, सुईच्या टोकाने, मागे ट्रेसिंग पेपरची पट्टी ठेवून.

एलईडी लावून पाहिलं. कोपऱ्यांवर पुढे गेलेल्या कापांतून उजेडाच्या केसासारख्या रेघा येतात, बहुतेक तिवरांच्या पहिल्या तासाच्या कामात. नखाने मागून घासून काही बुजल्या, बाकींना मागून त्याच कागदाचा छोटा तुकडा. एलईडी पट्टी थेट ट्रेसिंग पेपरमागे ठेवली तेव्हा प्रत्येक दिव्याचा ठिपका वेगळा दिसत होता. ती ८ सेंटिमीटर मागे, भिंतीकडे तोंड करून लावल्यावर उजेड सारखा पसरला.

२६ ऑगस्ट: मांडणी

मखर चौरंगाच्या मागे उभं. समई आणि निरांजन मखरापासून निदान तीन फूट पुढे, पंख्याच्या वाऱ्यात नाहीत. आरतीचं ताट मखराच्या कमानीखाली न्यायचं नाही, हे भटजींना आणि आरती धरणाऱ्या काकूंना आधीच सांगून ठेवलं. मखरामागे पाण्याची बादली झाकून.

१ सप्टेंबर

तिवरांची कमान मधोमध ८ मिमी खाली आली. मागून २ सेंटिमीटर रुंद कप्प्याची कमानीसारखीच कापलेली पट्टी, डबल टेपने. ती सुरुवातीपासूनच हवी होती; दोन फुटांहून लांब जाळीला ३०० जीएसएम एकटा पुरत नाही.

७ सप्टेंबर: आवराआवर

काल अनंत चतुर्दशी, विसर्जन झालं. थर वेगळे करून प्रत्येकाखाली ट्रेसिंग पेपर, वर-खाली कप्पा, सुतळीने आडवे बांधले. उभे ठेवले तर रोहितांचे पाय वजनाने वाकतात. मॅट सपाट, गादीखाली चालते. गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नका, तिला लाटा येतात आणि त्या जात नाहीत.

वापरलेली पाती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, झाकणाला चीर पाडून त्यातून आत टाकली होती. डबा टेपने पूर्ण बंद केला, वर “धारदार पाती” असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सफाई कर्मचाऱ्यांच्या हातात वेगळा दिला. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत सुटं पातं टाकलं तर ते वेगळं करणाऱ्याच्या हातात जातं.

एकूण खर्च साडेतीन हजारांच्या आत. त्यात मॅट, कटर, पट्ट्या आणि एलईडी पुढच्या वर्षी नव्याने घ्यावे लागणार नाहीत. पुढच्या वेळी तिवरांचा थर आतपर्यंत रंग असलेल्या कागदात पुन्हा कापायचा आहे, आणि त्याचे आराखडे जुलैऐवजी जूनमध्येच छापून घ्यायचे आहेत.